शिल्लक अडीचशे टन

पद्माकर खासनिसांच्या घरी एक पाहुणी गेली चौतीस वर्षं मुक्काम ठोकून होती. सहाशे तेहतीस फूट लांब, तीन धुरांड्यांची, आठ तोफांची. त्यांच्या पत्नी प्रमोदिनी तिला सवत म्हणायच्या. आधी हसून म्हणायच्या, मग नुसतंच म्हणायच्या, आणि गेली पाच वर्षं त्यांनी तिचं नावच टाकलं होतं.

पाहुणीचं नाव एचएमएस रटलंड. ब्रिटिश आरमारातली हेवी क्रूझर. १९२८ साली पाण्यात उतरली, १९४९ साली भंगारात गेली. तिचा आता एक खिळाही कुठे उरला नसेल. पण कॉव्हेंट्रीतल्या या घराच्या पुढच्या खोलीत ती कागदांवर व्यवस्थित नांदत होती. चार खणांचं एक रुंद कपाट, त्यात तिचे आराखडे, वजनाचे तक्ते, चीनच्या किनाऱ्यावर पांढऱ्या अर्ध्या चड्ड्यांत उभे राहिलेल्या खलाशांचे फोटो. हे सगळं पद्माकरांना वारशाने मिळालं होतं आणि तेही एका गोऱ्याकडून. १९७८ साली ते पुण्याहून इथे डॉक्टर म्हणून आले तेव्हा ज्याच्या घरी भाड्याने राहिले, तो मिस्टर प्रिचर्ड रटलंडवर बॉयलर सांभाळायला होता. त्याच्या पोरांना बापाच्या जहाजाचा वीट आला होता. पद्माकर मात्र दर रविवारी मांडी ठोकून ऐकायचे. म्हणून मरताना म्हाताऱ्याने कागदांची लोखंडी ट्रंक या जुन्या भाडेकरूच्या नावाने ठेवली.

आता पुण्याच्या माणसाला या जहाजाचं एवढं वेड का लागावं? तर माणूस सरळ. इतका सरळ, की अशा माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईला सरकारने वेगळं पेन्शन द्यावं. हॉस्पिटलात एकतीस वर्षं मायक्रोबायॉलॉजिस्ट होते, म्हणजे जंतूंचे डॉक्टर, पण हॉस्पिटलच्या पेनाने कधी घरची वाण्याची यादी लिहिली नाही. एकुलती एक मुलगी अनुया, डॉक्टर होऊन त्याच हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला आली, त्या दिवशी हे रजा टाकून घरी बसले. उगाच कुणी काही म्हणायला नको. आणि रटलंड त्यांच्याच जातकुळीची. पहिल्या महायुद्धानंतर बड्या देशांनी तह केला की क्रूझर दहा हजार टनांच्या वर बांधायची नाही. काहींनी तहावर सह्या केल्या आणि गुपचूप हजार-दोन हजार टन वर चढवले. रटलंड बांधणाऱ्यांनी मात्र एकेक खिळा तोलून लावला. "नियम म्हणजे नियम," असं पद्माकर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि येणारा घड्याळाकडे बघायचा.

त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, रटलंडच्या वजनाच्या तक्त्याखाली, पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. ते कसलं होतं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. लपवाछपवी त्या घरात आधीच पुष्कळ झाली होती.

२०२० च्या मार्चमध्ये, रिटायर होऊन चार वर्षं झालेल्या पद्माकरांना हॉस्पिटलने परत बोलावलं. करोना आला होता. तोंडाला घट्ट बसणारे, जंतू अडवणारे चांगले मास्क मोजके होते. ते कुणाला द्यायचे हे ठरवायला पाच जणांची कमिटी नेमली आणि पद्माकरांना तिचे अध्यक्ष केलं. पहिल्याच मीटिंगला त्यांनी पडद्यावर रटलंडचा आडवा छेद दाखवला. वजन ठरलेलं, पोलाद सगळीकडे पुरणार नाही, मग आधी काय झाकायचं? दारूगोळ्याचं कोठार. तिथे ठिणगी पडली तर जहाजच जाईल. म्हणून कोठाराभोवती चार इंची पोलादाची पेटी, आणि बाकीच्या बाजूंना फक्त एक इंच. मास्कचंही तसंच करू. आयसीयूला चांगले, वॉर्डांना साधे. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा निर्णय चुकला असं आजही कुणी म्हणणार नाही.

चूक पुढे झाली. कमिटीतल्या पाचही जणांना चांगल्या मास्कचं एकेक खोकं मिळालं, वीस-वीसचं. जिथे अडेल तिथे आपल्या अकलेने वापरा म्हणून. बाकीच्या चौघांची खोकी दोन दिवसांत संपली. पद्माकरांचं तसंच राहिलं. दोन एप्रिलला दुपारी अनुया त्यांच्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, नियमाप्रमाणे सहा फूट लांब. ती म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात होती, सहा खाटांची एक बे तिच्याकडे.

"बाबा, दोन मिळतील? माझ्या बेमध्ये आज सहा जण खोकतायत."

"वॉर्डला सर्जिकल मास्क, अनुया. तुला माहीत आहे."

"तुमच्याकडे एक बॉक्स पडून आहे म्हणे."

"तो काय घरच्यांसाठी दिलाय मला? उद्या लोक म्हणतील, खासनिसांनी पोरीला आधी दिले."

अनुया हसली. वडिलांना ती जन्मापासून ओळखत होती. "बरं बाबा. वर्थ अ ट्राय," असं म्हणून ती वॉर्डवर परत गेली. एकोणीस एप्रिलला ती आयसीयूत वारली. तिथे तिच्या भोवतीच्या सगळ्यांच्या तोंडावर चांगले मास्क होते.

जूनमध्ये पद्माकर ते न फोडलेलं खोकं परत करायला स्टोअरमध्ये गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, एकदा दिलेला माल आम्ही परत घेत नाही. म्हणून ते घरी आलं. प्रमोदिनींनी त्यावरची चिठ्ठी वाचली, तारीख वाचली आणि एकच विचारलं, "तिने मागितले होते?" पद्माकर हो म्हणाले. प्रमोदिनींनी स्वतःच्या हाताने ते खोकं खालच्या खणात ठेवलं. त्या दिवसापासून त्या दोघांत त्याबद्दल एक अक्षर नाही. जेवायला वाढलंय, औषध घेतलंत का, कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवायचा वार आज आहे, एवढंच.

बाकी सगळ्यांना पद्माकरांनी सांगितलं की मास्क नव्हतेच. जावई अजयला सांगितलं, पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलं. तेव्हा टीव्हीवरही रोज तेच ऐकू येत होतं, त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. आयुष्यात एकच खोटं बोलले, पण ते असं बोलले की त्यावर आख्खं कुटुंब उभं राहिलं.

अनुयाची मुलगी दिया तेव्हा अकरा वर्षांची होती. अजय तिला घेऊन लंडनमधल्या हॅरोला गेला, त्याच्या बहिणीजवळ, मंजिरीजवळ. कॉव्हेंट्रीत राहून रोज त्या हॉस्पिटलावरून गाडी नेणं त्याच्याने होईना. पण दियाने आजोळ सोडलं नाही. आता ती सतरा वर्षांची होती आणि एक आड एक शनिवारी ट्रेनने एकटी यायची. ती आली की प्रमोदिनी थालीपिठं लावायच्या, पद्माकर दाढी करायचे. ती गेली की दोघं पुढचा शनिवार यायची वाट बघत बसायची. त्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि यंदा तर दियाने कमालच केली. सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, मुलांना एक मोठा प्रोजेक्ट करावा लागतो. विषय आपण निवडायचा, पाच हजार शब्द लिहायचे आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. दियाने रटलंड निवडली. पद्माकरांना वाटलं, आपल्याला कुणीतरी माफ केलं. ज्याला माहीतच नाही तो माफ कसा करणार, हे त्यांना कळत होतं, पण वाटायचं ते वाटलंच.

नोव्हेंबरातला तो शनिवार. मंगळवारी दियाचं प्रेझेंटेशन होतं. पद्माकरांनी सकाळीच, ती यायच्या आधी, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकून खालच्या खणातला वजनाचा तक्ता काढून टेबलावर आणून ठेवला. तिने तो खण उघडायचं कारण उरू नये म्हणून.

दिया आली, कोट काढला, लॅपटॉप उघडला. "आजोबा, माझी सुपरवायझर म्हणते, जस्ट डिस्क्राइब नको करू, आर्ग्युमेंट पाहिजे. सो माझा क्वेश्चन असा आहे, वॉज शी अ गुड डिझाइन?"

"उत्तम डिझाइन," पद्माकर म्हणाले.

"हां, बट प्रूव्ह करायला लागेल. परत एकदा सांगा ना, त्या शेलचं."

पद्माकरांनी सांगितलं. १९४२ च्या नोव्हेंबरात, दक्षिण अटलांटिकमध्ये, शत्रूच्या जहाजाचा सहा इंची गोळा रटलंडच्या एक इंची बाजूतून आत शिरला आणि बॉयलर रूममध्ये फुटला. वाफेने भाजून त्रेचाळीस माणसं गेली. दारूगोळ्याच्या पेटीवर ओरखडाही नव्हता. त्यामुळे जहाज वाचलं, स्वतःच्या इंजिनांवर परत आलं आणि सातशे माणसं आपापल्या घरी पोचली. चौकशी झाली. अहवालात लिहिलं, संरक्षणाने ठरल्याप्रमाणे काम केलं.

"आणि मिस्टर प्रिचर्ड?"

"त्याची ड्यूटी संपली होती. झोपला होता. त्याच्या जागी जो गेला तो मेला. तो मला नेहमी म्हणायचा, डॉक्टर, आम्ही पेटीबाहेरचे."

दिया टाइप करत होती. लॅपटॉपच्या उजेडात ती अनुयासारखी दिसायची, विशेषतः खालचा ओठ दाताखाली धरला की. पद्माकर ते बघायचं टाळायचे आणि तेच बघत राहायचे.

"पण आजोबा, इट्स सॅड. आगीजवळची माणसं तशीच सोडली."

"पोलाद पुरत नव्हतं, बाळा. दहा हजार टनांत तोफा, इंजिनं, तेल, माणसं. डिझाइन करणारा काय करील? सगळ्यांना थोडं थोडं दिलं तर कुणालाच पुरत नाही." हे ते चौतीस वर्षं सांगत आले होते. तक्ता पुढे ओढून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. या ओळीवर त्यांचा फार जीव. "आणि हे बघ. तयार झाल्यावर तिचं वजन केलं. किती भरलं? नऊ हजार सातशे पन्नास. दहा हजारांना परवानगी असताना! बाकीचे चोरून वर चढवत होते आणि यांनी अडीचशे टन खालीच ठेवले. याला म्हणतात सचोटी."

दियाची बोटं थांबली. तिने तक्त्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"वेट. मग ते टू-फिफ्टी टन्स कुठे गेले?"

"कुठे जायचेत? वापरलेच नाहीत."

"बट दे वर अलाउड."

"हो."

"मग बॉयलर रूमला का नाही लावले?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याआधी प्रिचर्डनेही नाही. पद्माकरांनी स्वतःला तो कधी विचारू दिला नव्हता. उत्तर त्याच तक्त्याच्या मागच्या पानावर होतं. १९४३ च्या दुरुस्तीत बॉयलर रूमच्या दोन्ही बाजूंना चार इंची पोलाद बसवलं, वजन दोनशे चाळीस टन. ते पान त्यांनी हजारदा उलटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला प्रकार. ते आधीच लावलं असतं तर गोळा बाहेरच फुटला असता. त्रेचाळीस माणसं घरी गेली असती आणि नियमही मोडला नसता. वरचे दहा टन तरीही उरले असते.

दियाने पान उलटलं आणि तिलाही ते दिसलं. "ओ माय गॉड. आजोबा, दे हॅड इट. सगळा वेळ होतं त्यांच्याकडे! का नाही वापरलं?"

"मर्यादेच्या जवळ जायची भीती वाटली असेल," पद्माकर म्हणाले. "कुणी म्हणेल, यांनी तह मोडला. म्हणून लांबच राहिले."

"दॅट्स सो स्टुपिड," दिया म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता आणि आनंदही होता, कारण तिला तिचं आर्ग्युमेंट सापडलं होतं. "आता कन्क्लूजन बदलायला लागणार. ऐका, मी काय लिहिलं होतं ते वाचते."

तिने इंग्रजीत वाचलं. शिल्लक काहीच नसतं तेव्हा निवड करणाऱ्याला दोष देता येत नाही, असं तिने लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की माझी आई डॉक्टर होती, ती २०२० मध्ये गेली. तिच्या हॉस्पिटलात मास्क शिल्लक नव्हते. कुणीतरी ठरवलं की आधी आयसीयू, आणि ते ठरवणाऱ्यांत माझे आजोबा होते. मला वाटतं त्यांचा निर्णय बरोबर होता, आणि तो घेताना त्यांना काय वाटलं असेल ते रटलंडचा अभ्यास करताना मला कळलं.

वाचून झाल्यावर ती जरा लाजली. "मला तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. शिपचा पार्ट मी चेंज करते, बिकॉज त्यांच्याकडे स्पेअर होतं. आईचं तसंच ठेवते. तिथे खरंच नव्हते ना?"

पद्माकर उठले. पाणी आणतो म्हणाले.

स्वयंपाकघरात तव्यावर थालीपीठ होतं. प्रमोदिनी त्याच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काही बोलायचं नाही तुम्ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"ती मंगळवारी शंभर लोकांसमोर हे वाचणार आहे, प्रमोदिनी. अनुयाच्या नावाने. खोटं."

"वाचू दे. कुणाचं काय जातंय?"

"तिने मला विचारलं."

"अहो, ती विचारत नाहीये. ती नुसतं 'हो' म्हणा म्हणतेय. एवढं एक 'हो' तुमच्याच्याने होत नाही?" त्यांनी गॅस बंद केला. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण मी इथे राहिले ती या पोरीसाठी. दर पंधरा दिवसांनी माझी अनुया दारातून आत येते. ती घालवू नका."

पद्माकरांनी ग्लास भरला. पाच वर्षांत त्या एवढं पहिल्यांदाच बोलल्या होत्या. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि पद्माकरांना ते कळत होतं. गप्प राहणं हेच शहाणपण होतं, दयाही तीच होती. पण पोरीच्या हाताने खोटी ओळ लिहिली जाणार, आणि तीही त्यांची बाजू घेणारी, हे त्यांना सोसवेना. याला धैर्य म्हणायचं कारण नाही. हॉस्पिटलच्या पेनाने यादी न लिहिणारा तोच हट्ट हा. जित्याची खोड.

ते बाहेर आले आणि ग्लास टेबलावर ठेवला. "दिया, ती ओळ काढ."

"कुठली?"

"मास्क नव्हते ती. होते. माझ्याकडे होते." आणि उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. कमिटी, पाच खोकी, दोन एप्रिलची दुपार, सहा फुटांवर उभी असलेली अनुया. 'वर्थ अ ट्राय' सुद्धा सांगितलं. स्वतःची बाजू घेतली नाही. घ्यायला काही नव्हतंच.

दियाने लॅपटॉप मिटला. मग तिने विचारलं, "कुठे आहे?"

पद्माकरांनी खणाकडे बोट दाखवलं. ती जमिनीवर बसली, खण ओढला, खोकं मांडीवर घेतलं. वरच्या चिठ्ठीवर हॉस्पिटलच्या अक्षरात लिहिलेलं होतं. २७ मार्च २०२०. डॉ. पी. खासनीस. आपल्या विवेकाने वापरावे.

"म्हणजे तुम्ही देऊ शकत होता. इट वॉज अलाउड."

"हो."

"रूल मोडला नसता."

"नाही."

"दिया," पद्माकरच पुढे म्हणाले, आणि जे वाक्य त्यांनी पाच वर्षं स्वतःला ऐकवलं होतं ते तोंडातून निघून गेलं, "मास्क असता तर ती वाचली असती, असं कुणालाच सांगता येत नाही."

"मी ते नाही विचारलं, आजोबा." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तिने किती मागितले?"

"दोन."

दियाने खोक्याची पट्टी नखाने फाडली. इतक्या वर्षांचा चिकटलेला कागद चर्रकन आवाज करून सुटला. तिने मोजून दोन मास्क काढले, घडी न मोडता कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि चेन लावली. खोकं वजनाच्या तक्त्यावर ठेवलं. लॅपटॉप बॅगेत घातला. परतीची ट्रेन पाचची होती आणि अजून दीड वाजला नव्हता.

प्रमोदिनी थालीपिठांचा डबा घेऊन दारापर्यंत धावल्या. "बाळा, निदान हे घेऊन जा. भूक लागेल ट्रेनमध्ये."

दियाने डबा हातात घेतला. आजीकडे बघितलं. "आजी, तुला माहीत होतं?"

प्रमोदिनींना नाही म्हणता आलं असतं. आत्ताच नवऱ्याला त्या तेच शिकवत होत्या. पण त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघून त्यांनी मान खाली घातली. दियाने जे समजायचं ते समजून घेतलं. तिने डबा दारातल्या चपलांच्या स्टँडवर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता, आणि बाहेर पडली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. अनुया तशी नव्हती. अनुया शेवटपर्यंत हात हलवत जायची.

प्रमोदिनी दार लावून आत आल्या. पद्माकर अजून टेबलापाशी उभे होते.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "एक पोर नियमाने घालवलीत. एक खऱ्याने."

मंगळवार आला आणि गेला. प्रेझेंटेशन कसं झालं ते कळलं नाही. बुधवारी अजयचा मेसेज आला. बाबा, दियाने मला सांगितलं. ती सध्या येणार नाही. मीही बोलू शकेन असं वाटत नाही. तुम्ही फोन करू नका. पद्माकरांनी तो प्रमोदिनींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि कणीक मळायला घेतली.

पुढचा दियाचा शनिवार आला तेव्हा पद्माकरांनी सवयीने दाढी केली. तोंड पुसत ते पुढच्या खोलीत आले. टेबलावर तक्ता होता, तक्त्यावर फाडलेलं खोकं. त्यात अठरा मास्क उरले होते. त्यांनी खोकं उचलून उलटं केलं, चष्मा वर करून खालचं बारीक अक्षर वाचलं. मास्कची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. आता ते कुणालाच देता येणार नव्हते.